दोन घड्याळांचे सर

आमच्या सरांनी आयुष्यभर लघुग्रहांचं गणित केलं आणि एकही लघुग्रह कधी डोळ्यांनी पाहिला नाही. रात्री नऊला ते झोपायचे. कॉलेजात आकाशदर्शनाचा कार्यक्रम असला की नारळ फोडायचे आणि पहिली चांदणी उगवायच्या आत स्कूटरला किक मारून घरी. "बघायला लई जण हायेत," म्हणायचे. "मंगळ आणि गुरूच्या मधल्या रानात लाखो धोंडे फिरत्यात. त्यातला एखादा कुणाला तरी दोन-चार रात्री दिसतो आणि हरवतो. तो पुन्हा कुठं गावंल हे सांगणारा माणूस लागतो. तो माणूस दिवसा काम करतो."

सरांवर लिहा, असं मला आजवर तीनदा सांगण्यात आलं. दर वेळी मी 'वेळ नाही' म्हणून कळवलं. वेळ होता. मुळात मी कमी बोलणारा माणूस, आणि सरांबद्दल बोलायला लागलो तर कुठे जाऊन थांबावं लागेल हे मला पक्कं ठाऊक होतं. ते टाळत टाळत पन्नाशी ओलांडली. आता मात्र सगळं लिहिणार आहे.

सरांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असायची. डाव्यावर आपली वेळ, उजव्यावर जागतिक वेळ, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. आकाशातल्या नोंदी जगभर त्याच वेळेत ठेवतात, म्हणून. बेल्ह्याच्या बैलबाजारात कुणी शेतकऱ्यानं विचारलं, "सर, किती वाजलं?" की सर दोन्ही हात पुढे करायचे. "कंचं पायजे?"

"ज्याच्यावर एष्टी सुटती ते द्या."

काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, या घड्याळांवर वेगळाच राग. स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "जेवाया चला. कंच्याबी घड्याळात बसा, पण भाकर एकदाच गरम असती."

शिकवायला सुरुवात करताना सरांची भाषा पुण्याची असे आणि गणित रंगात आलं की अवसरीची. अवसरी बुद्रुकच्या शेतकरी घरातले, डॉक्टरेट मिळवलेले ते पहिले. गावातले लोक बरीच वर्षं त्यांच्याकडे ताप दाखवायला यायचे. सरही नाडी धरायचे, उजव्या हातावरच्या घड्याळात बघायचे आणि म्हणायचे, "ठोकं बरोबर हायेत. तापाचं मंचरला जाऊन विचार."

आमच्या जुन्नर तालुक्यातल्या कॉलेजात सेलेस्टियल मेकॅनिक्स, म्हणजे ग्रहगोलांच्या गतीचं गणित, शिकवणारा माणूस असावा, याचं आम्हाला तेव्हा नवल वाटत नव्हतं. पोरांना जवळच्या गोष्टीचं नवल वाटत नाही. आज मी त्याच विषयात पुण्याच्या एका संस्थेत प्राध्यापक आहे, परदेशी चार ठिकाणी शिकवून आलो आहे, आणि सरांसारखा शिकवणारा दुसरा मला भेटलेला नाही.

मेंढरांची गोष्ट सांगतो, म्हणजे पटेल.

पावसाळा संपला की मेंढपाळांचे कळप आमच्या भागातून पश्चिमेला निघतात, माळशेज उतरून कोकणात जायला. मी कॉलेजात असताना एका वर्षी बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी असा एक कळप आम्ही सगळ्यांनी पाहिला. पुढे दोन घोडी, त्यांच्यावर बिऱ्हाड, घोड्यावरच्या पाटीत कोंबड्या. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एकाला तो आळेफाट्याजवळ दिसला. त्यानंतर सरांना स्वतःला ओतूरच्या अलीकडे. झालं. सर वर्गात आले, फळ्यावर बेल्हे ते माळशेज असा रस्ता काढला आणि खडू माझ्या अंगावर फेकला.

"तीन वेळा दिसली. गुरुवारी दुपारी बाराला मेंढरं कुठं?"

मी उठलो, अंतरं घातली, वेग काढला आणि मढ गावाच्या अलीकडे एक ठिपका दिला. सरांनी तो बोटानं पुसला.

"ठिपका देऊ नको, गड्या. ठिपका देणारा माणूस खोटा. रेघ दे." त्यांनी खडू आडवा धरून रस्त्यावरच एक लांबट रेघ ओढली. "मेंढरं पुढं-मागं होतील. चारा गावला, थांबली. कुत्रं लागलं, पळाली. पण रस्ता सोडून डोंगरावर चढणार न्हाईत. चूक व्हती ती रस्त्याच्या लांबीत, रुंदीत न्हाई. धोंड्याचंबी तेच. तो वाट सोडत न्हाई, वाटेवर पुढं-मागं व्हतो."

गुरुवारी सरांची स्कूटर आणि मागे आमच्या दोन मोटारसायकली. बाराला आम्ही रेघेच्या मध्यावर उभे. मेंढरं नाहीत. एक म्हैस आणि एक बंद टपरी. पोरं हसायला लागली. सरांचा चेहरा मात्र असा फुललेला, जणू वरात यायची आहे. "मागं चला! रेघ सोडू नका, रेघेवरनंच मागं चला!"

रेघेच्या अगदी शेपटाला, बाभळीखाली कळप बसलेला. म्हातारा मेंढपाळ काठीला टेकून आमच्याकडे बघत राहिला.

"पावणं, मेंढरं हारवली का काय तुमची?"

"न्हाई हो, तुमचीच हुडकतोय," सर स्कूटर न थांबवताच ओरडले. "हितं का थांबला? काल संध्याकाळी चार कोस पुढं पायजे व्हता तुमी!"

"आता ती मेंढी व्याली, त्याला मी काय करू राव? तुमाला इचारून व्यायला पायजे व्हती का?"

सर स्कूटरवरून उतरले ते थेट त्या कोकराकडे गेले. ओलं, थरथरतं, पायांवर धड उभं न राहणारं. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि आमच्याकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं, खरंच होतं. "हे बघा! हा आपला आभाळातला गुरू, धोंड्याला वाटेवर मागं-पुढं वढणारा! एवढासा जीव, पण अख्खा कळप मागं वढला. ह्याला परटर्बेशन म्हणत्यात. लिवून घ्या!"

"कोकराला?" म्हातारा म्हणाला.

"कोकराला, गुरूला, ज्याला त्याला!"

त्या दिवशी बाभळीखाली मी ठरवलं की आयुष्यभर हेच करायचं. सरांनीच मला पीएच.डी.ला घेतलं. सरांनी एक पद्धत बसवली होती. एखादा लघुग्रह फक्त तीन रात्री दिसून हरवला असेल, तरी पुढच्या खेपेला तो कुठल्या रेघेवर सापडेल हे ती सांगायची. रेघ इतरांच्या रेघेपेक्षा कितीतरी आखूड. मोठ्या जागची माणसं म्हणायची, तीन नोंदींवर इतका भरवसा बरा नव्हे. सर म्हणायचे, "एकदा गावू दे. मग बोलू."

आणि ती संधी आली. सरांचे एक मित्र दुसऱ्या जिल्ह्यात डोंगरावर दुर्बीण लावून बसायचे. त्यांना एक अनोळखी लघुग्रह दिसला. मधे ढगांनी खोडा घातला, त्यामुळे तीन आठवड्यांत जेमतेम तीन रात्री तो हाती लागला. एका रात्रीची एक, अशा तीनच नोंदी. हातानं लिहिलेले तीन कागद टपालानं आले. सर कीबोर्डला हात लावत नसत. आकडे टाइप करायचं काम माझं, आणि टाइप करताना भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करायचे, हेही माझं. मी तिन्ही कागदांवरच्या वेळांतून साडेपाच तास वजा केले.

तिसऱ्या कागदावरची वेळ मित्रांनी स्वतःच जागतिक वेळेत बदलून पाठवली होती. कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं लिहिलं होतं. मी ते वाचलं नाही. वजा केलेल्यातून पुन्हा वजा केलं.

तीन नोंदींचा स्वभाव असा, की त्यांच्यावर कुठली ना कुठली कक्षा बसतेच. चौथी असती तर तिनं ओरडून सांगितलं असतं. ती नव्हती. चुकीच्या वेळेवर एक सुबक, देखणी, चुकीची कक्षा बसली. सरांनी तिच्यावरून पुढच्या वर्षीची रेघ काढली आणि परराज्यातल्या एका मोठ्या दुर्बिणीवाल्यांना कळवली. त्यांनी दोन रात्री द्यायचं कबूल केलं. सरांनी पेढे आधीच आणून स्टाफरूममध्ये ठेवले.

पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या रात्री त्यांनी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत धुंडाळली. काही नाही.

पुढच्या महिन्यात पुण्याला परिसंवाद होता. चहाच्या वेळी एक जण मोठ्यानं म्हणाला, "काय सर, जुन्नरचा लघुग्रह बिबट्यानं नेला वाटतं!" सगळे हसले. सर सगळ्यांत मोठ्यानं हसले. मग दुपारच्या सत्रात व्यासपीठावर गेले आणि म्हणाले, "माझी पद्धत चुकली आहे. कुठं चुकली ते मला अजून कळलेलं नाही. कळेपर्यंत ती कुणी वापरू नये." आणि त्या पद्धतीवरचा, छापायला दिलेला लेख परत मागवला.

परतल्यावर आठवडाभरानं मी माझं कपाट आवरत होतो, पुण्याच्या नोकरीच्या अर्जासाठी कागद शोधत होतो. तेव्हा तो तिसरा कागद हातात आला. कोपरा दिसला. तिथलं बारीक अक्षर मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. मुलाखत सहा दिवसांवर होती, समितीवर परिसंवादातलीच माणसं होती. मी तो कागद घडी करून पाकिटात घातला.

इथपर्यंत एक वेळ भित्रेपणा म्हणता येईल. पुढचं म्हणता येणार नाही. दोन दिवसांनी सर व्हरांड्यात भेटले. रात्री झोपलेले दिसत नव्हते. म्हणाले, "गड्या, ते मूळ कागद एकदा टाइप केलेल्याशी ताडून बघ बरं."

कागद माझ्या खिशात होता. मी म्हणालो, "ताडले सर. बरोबर आहेत."

"बास मग," सर म्हणाले. "मग चूक माझ्यातच हाय."

नोकरी मला मिळाली. सरांनी दोन वर्षांत मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि अवसरीला जाऊन राहिले. डोंगरावरचे मित्र वारले. दर दिवाळीला मी फोन करायचो आणि दर दिवाळीला सर उत्साहानं नवा संशय सांगायचे. "गुरूचा वढा कमी धरला असंल, गड्या." पुढच्या वर्षी, "शनी! शनीकडं माझं ध्यानच नव्हतं." त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही. मी म्हणायचो, "असेल सर." अठरा दिवाळ्या मी 'असेल सर' म्हणालो.

मागच्या महिन्यात सरांचाच फोन आला. दिवाळी नसताना. "वह्या रद्दीत घालतोय. एकोणीस हायेत. तुला त्यातलं काय पायजे का? न्हाईतर शनिवारी चारला टेम्पोवाला येतोय."

"का सर? का घालताय?"

"चूक गावत न्हाई. आता नाद सोडायचा ठरवलाय." आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

फोन ठेवला आणि मी जे अठरा वर्षं केलं नव्हतं ते केलं. दुपारचे दोन वाजले होते, खोलीचं दार लावून घेतलं. पाकिटं किती बदलली, तो कागद दर वेळी नव्या पाकिटात गेला होता. तो काढला. जुन्या फाइलीतल्या बाकी दोन नोंदींसोबत त्याची बरोबर वेळ घातली. सरांचीच पद्धत लावली, एक अक्षर न बदलता. नवी रेघ निघाली. मधल्या वर्षांत मोठ्या दुर्बिणींनी हजारो नवे लघुग्रह शोधलेत, त्यांच्या कक्षा पक्क्या माहीत आहेत. त्या वर्षी, त्या दोन रात्री, या नव्या रेघेवर त्यांतलं कुणी होतं का, ते पाहिलं.

एक होता. रेघेवर. शेपटाला नाही, कडेला नाही, जवळजवळ मधोमध. त्याची कक्षा मागे नेली तर मित्रांच्या तिन्ही रात्रींवर जाऊन बसली. तोच धोंडा. मी खुर्चीवरून उठून ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. शेजारच्या खोलीतले सहकारी धावत आले आणि "काही नाही, काही नाही" म्हणत मी त्यांना घालवलं. इतका आनंद आणि इतकी लाज एकाच वेळी माणसाला होऊ शकते हे मला माहीत नव्हतं.

शनिवारी अकराला अवसरीत पोचलो. सर अंगणात बसले होते, वह्यांचे गठ्ठे सुतळीनं बांधत. दोन्ही घड्याळं हातात. काकूंनी चहा आणला. मी चहाला हात लावला नाही. सरांसमोर तिसरा कागद ठेवला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

सरांनी चष्मा वर केला, कागद नाकाशी धरला. ओठ हलले. मग बांधलेला गठ्ठा फाडकन सोडला, एक वही काढली, मागच्या कोऱ्या पानावर आकडे मांडायला लागले. मी नवी रेघ आणि लघुग्रहाची जागा समोर सरकवली. पाच मिनिटं गेली असतील. मग सर ताडकन उठले, सत्तरी उलटलेला माणूस, आणि त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला.

"साडेपाच तास! अगं ऐकलंस का! रेघेवरच व्हता! माझ्याच रेघेवर व्हता!"

ते अंगणात चालायला लागले, थांबायचे, वही बघायचे, पुन्हा चालायचे. "गुरू बरोबर व्हता! शनीचा काय संबंधच न्हाई! आरं, मधोमध हाय हा तर! कुणाला आली व्हती का एवढी आखूड रेघ? सांग की!"

"कुणाला नाही सर."

त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं. मीही हसत होतो. इतक्या वर्षांनी आम्ही दोघं पुन्हा त्या बाभळीखाली होतो.

काकू मात्र उंबऱ्यातच उभ्या होत्या. "म्हंजी ह्यांची चूक नव्हती?"

"नाही काकू. माझी होती. आणि मला तेव्हाच कळलं होतं."

"तवाच?"

"आठवड्याभरात."

काकू म्हणाल्या, "आठरा वर्सं हा माणूस रोज सकाळी उठून स्वतःला खोटा ठरवत बसतोय. पोरीच्या लग्नात वही घेऊन बसला व्हता. आन तुमी दिवाळीला फोन करून इचारायचा, सर बरे हायेत का." त्यांनी पुढे येऊन माझ्यासमोरचा चहा उचलला आणि आत नेला. मला ते योग्यच वाटलं.

सर खाली बसले. हसू चेहऱ्यावर अजून होतं, पण त्याच्यामागे काहीतरी पोचलं होतं. त्यांनी त्या एकोणीस वह्यांच्या गठ्ठ्यांवर हात ठेवला.

"ह्यात सगळं तपासलं," ते म्हणाले. "गुरू तपासला, शनी तपासला, सूर्याचं वजन तपासलं. मित्रावर संशय घेतला, मेला बिचारा, त्याच्यावरबी घेतला. तू म्हणालास बरोबर हाय, म्हणून तेवढं एक तपासलं न्हाई."

माफी मागायची म्हणून वाक्यं तयार करून आणली होती. ती त्या अंगणात फार लहान वाटली.

"मला शिव्या द्या सर."

"देईन. शिव्यांना घाई न्हाई." त्यांनी वहीचं कोरं पान फाडून माझ्यापुढे टाकलं, वर पेन ठेवलं. "आधी हे लिव. दुरुस्ती. ज्यांच्याकडनं लेख परत मागवला त्यांना जाऊ दे, आणि त्या परिसंवादवाल्यांनाबी."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. रद्दीवाला वेळेआधीच आला होता. सर बसल्या जागेवरून ओरडले, "आज न्हाई रे! आता कधीच न्हाई! जा!"

मी लिहायला लागलो. तिन्ही नोंदी, तिन्ही वेळा, चुकीची वेळ, बरोबर वेळ, जुनी रेघ, नवी रेघ, लघुग्रहाची जागा. शेवटी लिहिलं, 'वेळेच्या रूपांतरात चूक झाली होती.' सर खांद्यावरून वाचत होते.

"झाली व्हती? आपोआप?"

मी ते खोडलं. 'चूक मी केली, ती मला लगेच कळली आणि मी ती लपवली,' असं लिहिलं आणि खाली माझं पूर्ण नाव. संस्थेचं, हुद्द्याचं, सगळं. हे पत्र पोचल्यावर माझ्या हुद्द्याचं काय होईल ते मला ठाऊक आहे. पत्र गेलं आहे.

सरांनी पान माझ्या हातातून घेतलं. चष्मा पुसला. तिसरा कागद शेजारी ठेवला आणि माझा प्रत्येक आकडा, पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून तपासायला लागले.